माशाच्या डोळ्यातलं घड्याळ

(आमच्या रेडिओ केंद्रावरून सादर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मासळी घ्यायला गेल्यावर आपण आधी काय बघतो? डोळा. कल्ले लाल आहेत का ते त्यानंतर, आणि बोटाने दाबून बघणं त्याच्याही नंतर. बांगड्याचा डोळा चकचकीत, फुगीर, बाहुली काळीभोर असली की मासा ताजा. डोळा आत बसलेला आणि दुधाळ दिसला, की मावशींनी कितीही शपथा घेतल्या तरी आपण पुढच्या पाटीकडे वळतो. हे आपल्याला कुणी शाळेत शिकवलेलं नाही. आई घेताना बघितलं आणि आपण शिकलो.

आज आम्ही माशाच्या डोळ्याबद्दलच बोलणार आहोत. पण पाटीतल्या नव्हे, पाण्यात पोहणाऱ्या जिवंत माशाच्या डोळ्याबद्दल. त्या डोळ्यात एक घड्याळ चालतं. त्याला काटे नाहीत, सेल लागत नाही आणि ते दिसतही नाही. पण दिवसाचं काम कधी सुरू करायचं आणि रात्रीचं कधी, हे ते डोळ्याला सांगत असतं.

हा विषय आम्हाला का सुचला ते आधी सांगतो. गेल्या महिन्यात एका श्रोत्या मैत्रिणीचं पत्र आलं. ती कोळंबी सोलायच्या कारखान्यात रात्रपाळीला जाते. तिने लिहिलंय, “रात्री दहाला जाते, सकाळी सहाला सुटते. घरी आल्यावर डबे, मुलांची शाळा, पाणी भरणं. नऊला आडवी होते. डोळे मिटतात, पण झोप लागत नाही. बारापर्यंत कशीबशी पडून राहते. शेजारीण म्हणते, दिवसाढवळ्या लोळते. घरचे म्हणतात, होईल सवय. दोन वर्षं झाली, सवय काही झाली नाही. बाकीच्या बायका करतातच ना? मग माझ्यातच काही खोट आहे का?”

हे पत्र आम्ही केंद्रावर सगळ्यांनी मिळून वाचलं. आमच्यातल्या एकीची बहीण दवाखान्यात रात्रीच्या ड्यूटीला असते. ती म्हणाली, हे पत्र माझ्या बहिणीनेच लिहिलंय की काय! मग आम्ही वाचायला बसलो. शरीरातल्या घड्याळाबद्दल वाचता वाचता एका छोट्याशा माशापाशी पोचलो. तेच आज तुम्हाला सांगणार आहोत. पत्राचं उत्तर शेवटी येईल, तोवर थोडा धीर धरा.

बोटाच्या दोन पेरांएवढा मासा

या माशाचं नाव झेब्रा मासा. लांबी तीन-चार सेंटिमीटर, म्हणजे बोटाची जेमतेम दोन पेरं. अंगावर निळसर पट्टे. शोभेच्या टाकीत तुम्ही तो नक्की पाहिला असेल. दुकानात परदेशी माशांच्या शेजारी ठेवलेला असतो, म्हणून तो परका वाटतो. पण तो आपल्याच भागातला आहे. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, भारत, नेपाळ, बांगलादेशात, संथ ओढ्यांत आणि भातखाचरांत तो राहतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले एक डॉक्टर, फ्रान्सिस हॅमिल्टन, यांनी गंगेतल्या माशांवर १८२२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केलं. शास्त्राच्या पुस्तकात या माशाची पहिली नोंद झाली ती तिथे.

पुढे अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्राइसिंगर या शास्त्रज्ञाने हाच मासा अभ्यासासाठी निवडला. त्याचं महत्त्वाचं संशोधन १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगभरातल्या प्रयोगशाळांत झेब्रा मासा पोचला. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं.

हाच मासा का? एक म्हणजे त्याची अंडी शरीराबाहेर वाढतात आणि काचेसारखी पारदर्शक असतात. आत डोळा कसा तयार होतो, हृदय कधी धडधडायला लागतं, सगळं बाहेरून दिसतं. दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि पाचव्या दिवसापर्यंत ते बघून भक्ष्य पकडायला लागतं. दुसरं म्हणजे तो आपल्याला वाटतो तेवढा लांबचा नाही. २०१३ मध्ये त्याची सगळी जनुकं वाचून झाली. माणसाच्या जवळजवळ ७० टक्के जनुकांना या माशात निदान एक तरी जोडीदार जनुक सापडतं. डोळ्याची मांडणीही बरीचशी आपल्यासारखीच: पुढे भिंग, मागे दृष्टिपटल.

डोळ्यातली दिवसपाळी आणि रात्रपाळी

दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूचा पातळ पडदा. उजेड पकडायचं काम तिथे होतं. हे काम करणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अगदी मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी अंगणात उभं राहिलं तर जास्वंदीचा लाल रंग काळपट वाटायला लागतो. तेव्हा आपल्या डोळ्यात दिवसपाळी सुटत असते आणि रात्रपाळी कामावर येत असते.

रंगांच्या बाबतीत झेब्रा मासा आपल्या पुढे आहे. आपल्याकडे तीन प्रकारच्या शंकूपेशी आहेत, त्याच्याकडे चार. चौथ्या प्रकारच्या पेशींमुळे त्याला अतिनील प्रकाशही दिसतो, जो आपल्याला दिसत नाही.

आता एक गंमत. उन्हात गेलो की आपली बाहुली बारीक होते, अंधारात मोठी होते. बहुतेक हाडांच्या माशांना बाहुली अशी लहानमोठी करता येत नाही. त्यांना पापण्याही नसतात. मग ऐन दुपारच्या उन्हात डोळ्याचा बचाव कसा करायचा? त्यांच्या दृष्टिपटलातल्या पेशी चक्क जागा बदलतात. दिवसा शंकूपेशी आखडून पुढे येतात, उजेडाला तोंड देतात. दंडपेशी लांबून मागे जातात आणि त्यांच्याभोवती काळ्या रंगद्रव्याचा पडदा ओढला जातो. रात्री याच्या उलट. काळं रंगद्रव्य मागे सरतं, दंडपेशी पुढे येतात, शंकूपेशी मागे जातात.

कुणी म्हणेल, यात घड्याळ कुठे आलं? उजेड पडला की पेशी हलत असतील, झालं! शास्त्रज्ञांनाही हीच शंका होती. म्हणून त्यांनी काही जातींचे मासे पूर्ण अंधारात ठेवले. उजेडाचा एक किरण नाही. तरीही पहाट व्हायच्या सुमाराला त्यांच्या शंकूपेशी पुढे सरकायला लागल्या. सूर्य दिसला नव्हता, पण डोळ्याला पहाटेची वेळ माहीत होती. कोंबडा आरवायच्या आधीच उठून चूल पेटवणाऱ्या आजीसारखं. आणि उलट, सतत उजेडात ठेवलं की ही लय दबून जायची. अंधारात घड्याळ चालू राहतं आणि अखंड उजेडात ते दबतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला ती पुढे लागणार आहे.

पाककृतीच्या वहीतल्या चिठ्ठ्या

जनुकं हा शब्द आपण वरचेवर ऐकतो. जनुक म्हणजे काय, ते स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊन सांगतो.

समजा, आजीची पाककृतींची एक जाडजूड वही आहे. ती कपाटातून बाहेर काढायची नाही, असा घरचा नियम. ज्या दिवशी जे करायचं त्याची कृती एका चिठ्ठीवर उतरवून घ्यायची, चिठ्ठी ओट्यावर आणायची आणि पदार्थ करायचा. काम झालं की चिठ्ठी टाकून द्यायची. पेशीतही असंच असतं. वही म्हणजे आपला सगळा जनुकसंच, ती पेशीच्या केंद्रकात असते. एक कृती म्हणजे एक जनुक. त्याची चिठ्ठी निघते आणि त्या चिठ्ठीवरून प्रथिन तयार होतं. एखादं जनुक “चालू” आहे म्हणजे त्याच्या चिठ्ठ्या निघताहेत, आणि “बंद” आहे म्हणजे कृती वहीत आहे पण चिठ्ठी निघत नाही.

वही सगळ्या पेशींत तीच. यकृताच्या पेशीत एका प्रकारच्या चिठ्ठ्या निघतात, डोळ्याच्या पेशीत दुसऱ्या. डोळ्यात उजेड पकडणारं एक प्रथिन लागतं, त्याचं नाव ऑप्सिन. त्याच्या चिठ्ठ्या डोळ्यात सतत लागतात.

पण त्या दिवसभर सारख्याच निघतात का? १९८९ मध्ये कोरेनब्रॉट आणि फर्नाल्ड या दोन संशोधकांनी आफ्रिकेतल्या एका माशाच्या दंडपेशींत ऑप्सिनच्या चिठ्ठ्या मोजल्या. सकाळी उजेड झाला की चिठ्ठ्या वाढतात, अंधार पडल्यावरही काही तास टिकतात आणि मग रात्री कमी होतात. मासा अंधारात ठेवला तरी हा चढउतार चालूच राहिला. पुढे २००५ मध्ये झेब्रा माशातही असंच दिसलं. लाल रंग पकडणाऱ्या शंकूपेशींतल्या ऑप्सिनच्या चिठ्ठ्या चोवीस तासांत कमीजास्त होतात, आणि माशाची नजर कधी तीक्ष्ण असते त्याच्याशी हा चढउतार जुळतो.

माशाची नजर कधी तीक्ष्ण आहे हे कसं कळणार? त्याला काही भिंतीवरची अक्षरं वाचायला लावता येत नाहीत. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात लेई ली आणि जॉन डाउलिंग यांनी यासाठी एक साधी युक्ती केली. मासा गोल पारदर्शक भांड्यात ठेवायचा. भांड्याभोवती एक पडदा गोल फिरत ठेवायचा, त्यावर एक काळा पट्टा. पट्टा दिसला की माशाला वाटतं, मोठा मासा आला, आणि तो उलटा फिरून पळतो. मग दिवा मंद मंद करत जायचं. ज्या उजेडात मासा पट्ट्याला घाबरायचा थांबतो, तिथे त्याची नजर संपली. १९९८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: झेब्रा माशाला मंद उजेडात सगळ्यात चांगलं दिसतं ते उतरत्या दुपारी आणि सगळ्यात कमी दिसतं ते पहाटे, उजाडायच्या आधी. दिव्यांचं वेळापत्रक काढून टाकलं तरी ही लय राहिली. डोळा तोच, दिवा तोच. वेळ बदलली की नजर बदलते.

टाकी, पंप आणि चेंडू

आता घड्याळ नेमकं कसं चालतं ते बघू. बऱ्याच घरांत पाण्याच्या टाकीला आपोआप चालू-बंद होणारा पंप असतो. टाकी रिकामी झाली की पंप सुरू होतो. पाणी वर चढतं, तसा टाकीतला चेंडू वर येतो आणि पंप बंद करतो. दिवसभर पाणी वापरलं जातं, चेंडू खाली जातो, पंप पुन्हा सुरू. कुणी बटण दाबायला नको. भरणं आणि रिकामं होणं यातच वेळ मोजली जाते.

पेशीतलं घड्याळ याच तत्त्वावर चालतं. क्लॉक आणि बीमॅल नावाची दोन प्रथिनं म्हणजे पंप. ती पीरियड आणि क्रिप्टोक्रोम या जनुकांच्या चिठ्ठ्या काढायला लावतात. (पीरियड या नावाचा आपल्या पाळीशी संबंध नाही बरं का! इंग्रजीत त्याचा अर्थ कालावधी.) चिठ्ठ्यांवरून प्रथिनं तयार होतात, साठत जातात. पुरेशी साठली की ती केंद्रकात शिरतात आणि पंपच बंद करतात. मग नवीन चिठ्ठ्या निघत नाहीत. साठलेली प्रथिनं हळूहळू मोडतात, संपतात आणि पंप पुन्हा चालू होतो. या एका फेरीला लागतात जवळजवळ चोवीस तास.

पीरियड जनुकाचा पहिला पत्ता १९७१ मध्ये रॉन कोनोप्का आणि सीमूर बेंझर यांना लागला, केळ्यावर घोंगावणाऱ्या फळमाशीत. ते जनुक घड्याळ कसं चालवतं हे उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. माशी, मासा, माणूस, तिघांतही घड्याळाची घडण मुळात एकाच पद्धतीची.

पण भिंतीवरचं घड्याळही रोज थोडं पुढेमागे होतं आणि आपण ते रेडिओच्या वेळेवर लावतो. शरीरातलं घड्याळही बरोबर चोवीस तासांचं नसतं. ते रोज लावायला लागतं. लावतो तो उजेड. झेब्रा माशात हे फार सरळ आहे. उजेड पडला की पीरियड-२ हे जनुक लगेच चालू होतं, आणि त्यामुळे घड्याळ जागेवर येतं.

पाच दिवसांची पिल्लं आणि विजेची बचत

आता आम्हाला सगळ्यात नवल वाटलेली गोष्ट. २०१० मध्ये डाउलिंग यांच्याच प्रयोगशाळेतल्या फरीदा एमरान आणि सहकाऱ्यांनी झेब्रा माशाची पाच-सहा दिवसांची पिल्लं तपासली. दिवसा पिल्लांसमोर पट्टे फिरवले की त्यांचे डोळे पट्ट्यांबरोबर फिरतात, म्हणजे त्यांना दिसतंय. रात्री अंधारात राहिलेल्या पिल्लांचे डोळे मात्र फिरेनात. रात्रीपुरती त्यांची नजरच गेलेली. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तेव्हा कळलं, की शंकूपेशी जिथून पुढच्या पेशीला निरोप देतात, त्या जोडावरची फितीसारखी रचनाच रात्री मोडून ठेवलेली असते. सकाळ झाली की ती पुन्हा उभी राहते. फेरीवाला रात्री दुकान आवरून ठेवतो आणि सकाळी पुन्हा मांडतो, अगदी तसं.

एवढा खटाटोप कशासाठी? ऊर्जा वाचवण्यासाठी, असं संशोधक म्हणतात. आपल्याला वाटतं, अंधारात डोळा आराम करतो. खरं तर उलट आहे. उजेड पकडणाऱ्या पेशींना अंधारात जास्त ऊर्जा लागते, कारण अंधारात त्यांच्यात सतत विद्युतप्रवाह वाहत असतो आणि उजेड पडला की तो कमी होतो. एवढ्याशा पिल्लाला रात्रभर हा खर्च परवडणारा नाही. म्हणून रात्री ते मेन स्विचच बंद करतं.

मोठ्या माशांच्या डोळ्यातही रात्रीचा आणि सकाळचा झाडूपोछा ठरलेला असतो. दंडपेशी आणि शंकूपेशींची टोकं उजेडाने झिजतात. जुना भाग गळून पडतो, मागची पेशी तो गिळून टाकते आणि नवा भाग तयार होतो. गोल्डफिशमध्ये दंडपेशी हा कचरा सकाळी टाकतात आणि शंकूपेशी रात्र झाल्यावर. म्हणजे ज्याची पाळी संपली त्याने आपली जागा झाडून जायचं. आपल्याही डोळ्यात ही साफसफाई रोज चालते आणि साधारण दहा दिवसांत पेशीचं टोक पूर्ण नवं होतं.

आणि रात्र झालीच नाही तर? प्रयोगशाळेत रंगद्रव्य नसलेले पांढरे झेब्रा मासे दिवसचे दिवस तीव्र उजेडात ठेवले, तेव्हा त्यांच्या दंडपेशी आणि शंकूपेशी मरायला लागल्या. झेब्रा माशाकडे त्यावर इलाज आहे. त्याच्या दृष्टिपटलातल्या म्युलर नावाच्या पेशी नव्या पेशी तयार करतात आणि नजर परत येते. म्युलर पेशी आपल्या डोळ्यातही आहेत, पण त्या ही दुरुस्ती करत नाहीत. ती त्यांना करायला लावता येईल का, याचा शोध चालू आहे. ज्यांची नजर दृष्टिपटलाच्या आजाराने गेली त्यांच्यासाठी ही फार मोठी आशा आहे.

गुहेतला आंधळा मासा

आणखी एक मासा सांगतो आणि मग आपल्याकडे वळू. सोमालियाच्या वाळवंटाखाली, जमिनीतल्या पाण्यात एक आंधळा मासा राहतो. दहा लाखांहून जास्त वर्षं त्याच्या पूर्वजांनी सूर्य पाहिलेला नाही. त्याला डोळे नाहीत. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं घड्याळ तपासलं. उजेड दाखवला तर घड्याळ हललंच नाही. पण रोज ठरावीक वेळी खायला दिलं, तर ते जेवणाच्या वेळेवर लागलं! आणि त्याच्या एका फेरीला चोवीस नव्हे, जवळजवळ सत्तेचाळीस तास लागत होते.

म्हणजे शरीरातलं घड्याळ लावायच्या दोन किल्ल्या आहेत. मुख्य किल्ली उजेडाची आणि दुसरी जेवणाची.

आपला डोळा: एक खिडकी, दोन कामं

झेब्रा माशाच्या घड्याळाचं आणखी एक वैशिष्ट्य २००० मध्ये कळलं. त्याचं हृदय किंवा मूत्रपिंड बाहेर काढून बशीत जिवंत ठेवलं आणि त्यावर उजेड-अंधाराचा खेळ केला, तर त्या अवयवांतलं घड्याळ थेट उजेडावर लागतं. त्याचं शरीर लहान आणि पातळ, उजेड आतपर्यंत पोचतो.

आपलं तसं नाही. आपल्या शरीरात उजेडाला मुख्य घड्याळापर्यंत पोचायला एकच दार आहे, ते म्हणजे डोळा. डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. तेच आपलं मुख्य घड्याळ. यकृत, आतडी, हृदय यांची घड्याळं त्याच्या तालावर चालतात. त्या पुंजक्याला वेळ सांगणाऱ्या पेशी डोळ्यातच आहेत, पण त्या दंडपेशी नाहीत आणि शंकूपेशीही नाहीत. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं वेगळं प्रथिन असतं. हे प्रथिन पहिल्यांदा सापडलं १९९८ मध्ये, एका बेडकाच्या कातडीत. सस्तन प्राण्यांच्या डोळ्यात या पेशी कसं काम करतात ते २००२ मध्ये स्पष्ट झालं. या पेशी चित्र दाखवत नाहीत. “उजाडलं” किंवा “मावळलं” एवढाच निरोप देतात. निळसर पांढऱ्या उजेडाला त्या जास्त प्रतिसाद देतात, म्हणजे सकाळच्या आकाशाला, पांढऱ्या एलईडी दिव्याला आणि मोबाइलच्या पडद्याला.

म्हणूनच काही अंध व्यक्तींना काहीही दिसत नसलं तरी त्यांचं शरीर दिवस-रात्र ओळखतं, कारण त्यांच्या या पेशी शाबूत असतात. ज्यांच्या त्याही गेल्या, त्यांच्यातल्या अनेकांची झोप रोज थोडी थोडी सरकत जाते आणि त्यांना त्याचा फार त्रास होतो.

अंधार पडला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलाटोनिन हा स्राव तयार करायला लागते. शरीराला तो “रात्र झाली” असं सांगतो. उजेड डोळ्यात शिरला की तो थांबतो.

आता त्या पत्राचं उत्तर

मैत्रिणी, तू ऐकते आहेस ना?

रात्रभर तू पांढऱ्या दिव्यांच्या लखलखाटात कोळंबी सोलतेस. सकाळी सहाला कारखान्याबाहेर पाऊल टाकतेस तेव्हा समोर उगवता सूर्य. त्या क्षणी तुझ्या डोळ्यातल्या त्या पेशी मेंदूला निरोप देतात: उजाडलं, घड्याळ लावा. तू थकलेली आहेस हे त्यांना कळत नाही. त्यांना फक्त उजेड कळतो. नऊला तू अंथरुणावर पडतेस तेव्हा तुझं शरीर दिवसाच्या कामाला लागलेलं असतं. सुट्टीच्या दिवशी तू घरच्यांबरोबर दिवसा जागतेस, रात्री झोपतेस, आणि घड्याळ पुन्हा दिवसाचं होतं. रात्रपाळी करणाऱ्या बहुतेकांचं घड्याळ कधीच पूर्ण उलटं होत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. सवय झाली नाही, कारण सवयीचा हा प्रश्नच नव्हता. खोट तुझ्यात नाही. तुझं घड्याळ चोख आहे, म्हणून तर ते ऐकत नाही.

आणि हा प्रश्न नुसत्या झोपेचाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाची नोंद “कर्करोगाचं संभाव्य कारण” या गटात केली आहे. याचा अर्थ रात्रपाळी केली की आजार होणारच, असा मुळीच नाही. घाबरू नका. पण अंगात गाठ, पाळीतला मोठा बदल, वाढतं वजन किंवा साखर याकडे दुर्लक्ष करू नका आणि डॉक्टरांना आपल्या कामाची वेळ आवर्जून सांगा.

मग काय करता येईल? नोकरी सोड, असं सांगणं सोपं आहे. पण घर तिच्या पगारावर चालतं, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून जमण्यासारखं तेवढंच सांगतो.

सकाळी घरी येताना चालत किंवा रिक्षाने येत असाल तर काळा चष्मा लावा, डोक्यावरून ओढणी पुढे घ्या. गाडी स्वतः चालवत असाल तर मात्र हे करू नका. झोपेत गाडी चालवणं तर नकोच.

शक्य असेल तर घरी आल्यावर आधी झोपा, कामं नंतर. झोपायची खोली अंधारी करा. जाड चादर किंवा काळा कपडा खिडकीला लावला तरी चालेल. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

जेवणाची किल्ली विसरू नका. पोटभर जेवण कामावर जाण्याआधी करा. मध्यरात्रीनंतर हलकं काही तरी. चहा पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात, पहाटे नको.

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनाही एक सांगतो. बाळाचं घड्याळ जन्मतः लागलेलं नसतं. ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. दिवसा बाळाला उजेडात ठेवा. रात्री दूध पाजायला उठलात तर ट्यूबलाइट लावू नका, मंद पिवळा दिवा पुरे. आणि घरात माशांची टाकी असेल तर तिचा दिवा रात्री बंद करा. त्यांच्या डोळ्यांनाही पाळी बदलायची असते.

जाता जाता आणखी एक. १९४८ च्या कारखाने कायद्यात बायकांना संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी कारखान्यात कामाला ठेवायला बंदी होती. पण त्याच कायद्यात एक अपवाद होता. मासळी खारवण्याच्या आणि डबाबंद करण्याच्या कारखान्यांना राज्य सरकार सूट देऊ शकत होतं, कारण कच्चा माल खराब होऊ नये. पुढे नियम बदलत गेले. पण बघा, मासळी नासते हे कायदा लिहिणाऱ्यांना तेव्हाच कळलं होतं. बाईची झोप नासते, याचाही विचार पाळ्या लावणाऱ्यांनी करायला हवा. सलग किती रात्री, मध्ये किती सुट्टी, न्यायला-आणायला गाडी, हे प्रश्न एकटीने नव्हे, सगळ्या मैत्रिणींनी मिळून विचारायचे असतात.

आणि शेवटचं सांगणं तिच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना. ती सकाळी नऊला झोपते तेव्हा तिची रात्र सुरू झालेली असते. तुमच्या रात्री दोन वाजता कुणी दार वाजवलं तर तुम्हाला जसं वाटेल, तसंच तिला दुपारी वाटतं. तेव्हा पाणी कुणी तरी भरा, मुलांना कुणी तरी शाळेत सोडा, आणि दुपारी तिच्या दाराची कडी वाजवू नका.

तुमची पत्रं येऊ द्या. पुन्हा भेटू. नमस्कार.